आमचा वारा पास झाला

गायमाळावर वारा सुटला की पाचोळा सगळीकडे उडतो, पण साठतो मात्र कुंपणाच्या एकाच कोपऱ्यात. माझं तसंच झालं. साहेब आले, साहेब गेले, शेठ आले, शेठ गेले, आणि त्या सगळ्यांचा पाचोळा माझ्या पत्र्याच्या चौकीत साठत राहिला. मी काही मुद्दाम गोळा केला नाही. शाळेत गेलो नव्हतो, त्यामुळे ऐकलेलं पुसून टाकायला माझ्याकडे पाटीच नव्हती!

आता चार माणसं टेकली की म्हणतात, "काशिबाबा, तो वाऱ्याचा किस्सा सांगा."

"कोणता?"

"कोणताबी सांगा. आमाला सगळेच खोटे वाटतात."

खरे आहेत हो. सावकाश सांगतो, सावकाश ऐका.

*

आमचा पाडा सुरगाण्याच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत. खाली भात आणि नागली, डोक्यावर गायमाळ. गायमाळ म्हणजे उघडं बोडकं पठार, सावलीला झाड नाही. एक दिवस फाट्यावर जीप सोडून दोघं जण घाम पुसत चढ चढून आले. पुढचे होते कुलथेसाहेब. पुण्याचे. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात नकाशा.

त्यांनी विचारलं, "इथे वारा कसा असतो?"

आता आमच्याकडची रीत सांगतो. बाहेरचा माणूस कागद घेऊन आला आणि त्याने काहीही विचारलं, तर पहिलं उत्तर 'नाय'. सागाची लाकडं? नाय. मोहाची दारू? नाय. कोंबड्या? त्या तर कधीच नाय, समोर फिरत असल्या तरी नाय.

आमच्या सरपंच हौसाबाई. त्यांनी दोन्ही हातांनी पदर घट्ट धरला आणि म्हणाल्या, "वारा? नाय बा. आमच्याकडं वारा नसतोच."

तेवढ्यात साहेबांचं हेल्मेट उडालं. गडगडत कड्यापर्यंत गेलं. आमचा सोमा, कड्यावरचा मध काढणारा गडी, धावत जाऊन घेऊन आला. साहेबांनी हेल्मेटकडे पाहिलं, मग हौसाबाईंकडे.

हौसाबाई जराही डगमगल्या नाहीत. "ह्यो आमचा नाय साहेब. ह्यो गुजरातवरनं येतो!"

*

वारा आहे हे आम्ही कबूल केलं ते साहेबांच्या दुसऱ्या फेरीला. चहा पिता पिता त्यांनी नीट समजावलं. गायमाळावर आधी लोखंडी मनोरा उभा करायचा आणि वारा मोजायचा. चांगला निघाला तर वाऱ्यावर वीज करणारा भलामोठा पंखा बसवायचा. वाईट निघाला तर मनोरा उचलून दुसऱ्या डोंगरावर. पंख्याचं एकेक पातं एवढं लांब की आमच्या शाळेच्या पटांगणात आडवं मावायचं नाही. आणि ते तुकड्यांत आणता येत नाही, अख्खंच आणावं लागतं.

हौसाबाईंनी कप खाली ठेवला. "मंग आणनार कसं? ह्या पायवाटेनं?"

"रस्ता करू ना ताई. रुंद, पक्का. वळणंसुद्धा मोठी घ्यावी लागतील. पात्याला वळायला जागा लागते."

ओट्यावरची सगळी माणसं पुढे सरकली.

रस्ता मागून मागून आमच्या जिभा झिजल्या होत्या. आमदार बदलत गेले, आश्वासन तेवढं जुनंच टिकलं. पावसात कोणी आजारी पडलं की घोंगडीची झोळी करायची, बांबूला बांधायची आणि खांद्यावरून फाट्यापर्यंत न्यायची. माझी बायको पारू, तिला दम्याचा त्रास आणि गुडघे गेलेले. दर पावसाळ्यात एकदा तरी ती झोळीत असायचीच. झोळीवाले म्हणायचे, "आजी, यंदा लय जड झालीस." ती आतून म्हणायची, "मी हाय तेवढीच हाय. तुमीच मिळमिळीत झाले. खात जा नीट." पण निसरड्या उतारावर बांबू हलला की तिचा श्वास अडकायचा, तो आवाज मला मागे चालताना ऐकू यायचा.

हौसाबाई साहेबांना म्हणाल्या, "म्हंजी माणसाला रस्ता नाय, पात्याला हाय!"

साहेब ओशाळं हसले. "तशी पॉलिसी आहे ताई."

"असूं दे. पात्याच्या मागं मागं आमी बी चालू." मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलं का रं? आपला वारा पास झाला पायजे!"

*

मनोरा उभा राहिला. जाळीचा, उंच. त्याला तीन ठिकाणी फिरत्या वाट्या. एक जोडी खाली, एक मध्ये, एक अगदी टोकाला. वाऱ्याने वाट्या गरगर फिरायच्या आणि खालच्या खोक्यात त्याची मोजणी व्हायची. ओझरच्या कारखान्यातली विमानं वरून जायची, तेव्हा सोमा नव्या माणसाला सांगायचा, "विमान थकलं तर बसायला केलाय!"

राखणदार म्हणून मला ठेवलं. सगळ्यात जास्त हसले ते माझे व्याही लहानू. दरीपलीकडच्या डोंगरावर त्यांचा पाडा, माझी लेक सखू तिकडे दिलेली. रस्ता त्यांनाही नाही. सखूचं पहिलं बाळंतपण झोळीतच झालं, ओढ्याच्या काठावर. त्या नातवाला अजून सगळे 'झोळ्या' म्हणतात.

लहानू बाजारात भेटले की चारचौघांत मोठ्याने विचारायचे, "काय व्याही, किती वारा चोरीला गेला ह्या आठवड्यात?"

मी म्हणायचो, "तुमच्याकडं आलाय का बघा."

एकदा बाजारातून परत आलो तर मनोऱ्याचं तारेचं कुंपण गायब! माझी प्लास्टिकची खुर्ची गायब, कंपनीची पाटीसुद्धा गायब. मी कडेला जाऊन, रेंज धरून, साहेबांना फोन लावला.

"साहेब, चोरी झाली."

"डेटा आहे ना?"

"तो मला दिसत नाय साहेब."

"अहो बाबा, खोका आहे का जागेवर?"

"खोका हाय."

"मग काही चोरीला गेलं नाही!"

पुढच्या आठवड्यात सखूला भेटायला गेलो. व्याह्यांच्या शेळ्यांना नवंकोरं तारेचं कुंपण. मध्ये माझी खुर्ची, खुर्चीत व्याही. मी शेळ्यांकडे बघत उभा राहिलो. लेक दिलेली आहे, काय बोलणार? व्याहीच म्हणाले, "बसा ना. तुमचा वारा तेवढा सोडला बरं का आमी!"

*

पहिल्या उन्हाळ्यात वाट्या करकरायला लागल्या. खालच्या वाट्यांचा आवाज चौकीत यायचा. हौसाबाई एकदा गवताला वर आल्या होत्या, त्या थबकल्या.

"काशिबाबा, ह्ये करकरतंय काय? ह्येच्यानं वारा कमी भरंल ना!"

मी म्हणालो, "साहेबाला इचारू."

"साहेब फोन उचलत नाय. गाडीचं चाक करकरलं की काय करतो आपण?"

"तेल."

"रहाट करकरला की?"

"तेल."

"मंग?"

संध्याकाळच्या आत निम्मा पाडा गायमाळावर. हौसाबाईंनी घरचं खुरसणीचं, म्हणजे कारळ्याचं, तेल आणलं, नवं, घाण्यावरचं. कोणी म्हणालं नारळ फोडा, नारळही फोडला. सोमाने तेलाची बाटली कमरेला बांधली आणि सरसर जाळीवर चढला. खालच्या वाट्यांना त्याने मनापासून तेल चोपडलं, बारशाच्या पोराला चोळतात तसं. मग वर निघाला. मधल्या वाट्यांच्या जवळ पोचला आणि वाऱ्याचा असा एक झोत आला की त्याची लुंगी सुटली, आणि गेली की थेट दरीपलीकडे, लहानूंच्या डोंगराकडे!

खाली सगळ्या बायका. बायकांनी तोंड फिरवलं, पण हसू काही फिरलं नाही. सोमा एका हाताने जाळी आणि एका हाताने अब्रू धरून जो खाली आला, तो पुन्हा वर गेलाच नाही.

हौसाबाईंनी विचारलं, "सगळ्या वाट्यांना लावलं ना रं?"

"सगळ्या!" सोमा माझ्या टॉवेलात उभा राहून म्हणाला.

आता खुरसणीचं तेल वाळलं की डिंकासारखं होतं, हे घरोघरी माहीत आहे. तव्यावर बघतोच आपण. आणि ते दिवस राब भाजायचे. भाताच्या वाफ्यांसाठी सगळ्या डोंगरांवर पाला-गोवऱ्या जाळलेल्या, राख आभाळभर. ती राख त्या तेलावर बसली, वाळली, घट्ट झाली. खालच्या वाट्या काळ्या कुळकुळीत, चिखलात रुतलेल्या म्हशीसारख्या फिरायच्या.

पण करकर थांबली होती. हौसाबाई खूश!

*

पाऊस सरल्यावर कुलथेसाहेब आले ते हसतच. माझ्या बाजेवर बसले, लॅपटॉप मांडीवर.

"बाबा, काय साईट आहे! मी आयुष्यात अशी पाहिली नाही."

मग त्यांनी काठी घेतली आणि मातीत खुणा केल्या. "हे बघा. खाली वारा किती? मुंगीच्या चालीचा. मध्ये? बैलाच्या. वर? घोड्याच्या. आता आपला पंखा बसणार मनोऱ्याच्याही वर. तिथं आपण मोजलेलं नाही. मोजायची गरजच नाही! खालून वर जाताना जसा वाढला, तसाच पुढे वाढणार. खाली जितका कमी, तितकी रेघ उभी चढते. ती अशीच पुढे ओढायची..."

रेघ ओढता ओढता काठी माझ्या पायावर आली.

मी सावकाश विचार केला. म्हणालो, "म्हंजी साहेब, सोमाचा पोरगा पहिलीत ढ, तिसरीत बरा, पाचवीत हुशार. तर बारावीत कलेक्टर?"

"अगदी बरोबर! याला एक्स्ट्रापोलेशन म्हणतात."

"आमच्यात ह्याला लग्न जमवणं म्हणतात."

साहेब खो खो हसले. मला वाटलं, माणूस खुशीत आहे, आता सांगून टाकावं. "साहेब, खालच्या वाट्यांना आमी तेल लावलंय. खुरसणीचं."

ते अजून जोरात हसले. "बाबा, तेल तुमच्या गुडघ्यांना लावा. वाट्या इम्पोर्टेड आहेत!"

तेवढ्यात पुण्याहून फोन. तिथल्या कॉम्प्युटरला शंका आली होती. खालच्या आणि वरच्या वाऱ्यात एवढा फरक कसा? साहेबांनी उठून चारी बाजूंना पाहिलं. लांबच लांब उघडा माळ. कडेला करवंदाची एक जाळी.

"सर, व्हेजिटेशन आहे. त्यामुळे खाली वारा अडतो," साहेब म्हणाले.

ते व्हेजिटेशन पुढच्या महिन्यात माझ्या शेळीने खाल्लं. पण तोवर रिपोर्ट छापून झाला होता. आमचा वारा पहिल्या वर्गात पास!

*

वारा पास झाला, मग पंखा विकत घेणारा आला. नाशिकचे शेठ. त्यांच्याबरोबर त्यांचे हिशेबनीस, गोरेपान, बारीक चष्म्याचे. रस्ता अजून नव्हता म्हणून शेठना आम्ही खुर्चीत बसवून वर आणलं. झोळी नको म्हणाले, चांगलं दिसत नाही.

कुलथेसाहेबांनी रिपोर्ट उघडला. इतका वारा, इतकी वीज, इतक्या वर्षांत पैसे वसूल, पुढे नफाच नफा. शेठ मान हलवत होते, पण कान दुसरीकडेच. हिशेबनीस तर मोबाईलमधून डोकंच काढेनात. मनोरा कुठे आहे हेही त्यांनी पाहिलं नाही, तरी नफा त्यांना दिसला होता!

शेठने एकच प्रश्न विचारला. "मार्चच्या आत उभा राहील ना?"

मला राहवलं नाही. "शेठ, मार्चात घाई कशाला? आमचा वारा खरा पावसाळ्यात असतो."

शेठने माझ्या खांद्यावर मायेने हात ठेवला. "बाबा, वारा पावसाळ्यात असेल. टॅक्स मार्चमध्ये वाचवायचा असतो!"

हिशेबनीसांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मास्तर ढ पोराकडे पाहतात.

*

मग रस्ता झाला. जे कशानेच झालं नव्हतं, ते मार्चने केलं. यंत्रं आली, सुरुंग लागले, मोऱ्या बांधल्या, आणि आमच्या उतारावर काळा, रुंद, गुळगुळीत रस्ता पसरला. त्यावर चालायला पहिल्यांदा आम्ही बिचकायचो. सोमा कितीतरी दिवस कडेच्या गवतातूनच जायचा. म्हणायचा, "खराब होईल."

पातं आलं तो दिवस मोठा. लांबलचक गाडी, चाकंच चाकं, पुढे-मागे लाल बावटे. आमच्या पोरांनी पावरी वाजवली, बायकांनी पात्याला कुंकू लावलं. नवरी आणावी तसं पातं हळूहळू वर येत होतं. शेवटच्या वळणावर अडलं. पात्याचं टोक वळेना. मध्ये हौसाबाईंचं शौचालय. सरकारी अनुदानातलं, नुकतंच रंगवलेलं, दारावर 'स्वच्छ गाव' लिहिलेलं.

कुलथेसाहेब हात जोडून म्हणाले, "ताई, हे पाडावं लागेल."

"पाडा की."

"तुमची अडचण होईल..."

"अडचण कसली? त्याच्यात गवऱ्या ठेवल्यात," हौसाबाई म्हणाल्या. "तेवढ्या काढते, थांबा."

*

उद्घाटन मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. मंडप, हार, खुर्च्या. शेठ आले, एक पुढारी आले, टीव्हीवाला एक आला. पुढाऱ्यांनी कळ दाबली.

पंखा हलेना.

गायमाळावर पान हलत नव्हतं. आयुष्यात मी असा निपचित दिवस पाहिला नाही. पुढाऱ्यांनी पुन्हा कळ दाबली. मग जोरात दाबली. पुढारी माणूस, त्याला वाटतं जोरात दाबलं की होतं.

कुलथेसाहेब घामाघूम. पंख्याच्या बुंध्याच्या दारात आत-बाहेर, आत-बाहेर. शेवटी आतल्या मिस्त्रीला काहीतरी सांगितलं. थोड्या वेळाने पाती हळूहळू वळली, फिरली, चांगली गरगरली! टाळ्या! टीव्हीवाल्याने चित्र घेतलं. पुढाऱ्यांनी सांगितलं की आता या डोंगरातून गावोगाव उजेड जाणार.

मी खाली पाड्यात आलो, तर पिठाची गिरणी बंद, पंचायतीचा पंखा बंद, सगळ्या घरांतली वीज गेलेली. हौसाबाईंनी तारेवरच्या वायरमनला गाठलं. "का रं, लाईट कुठं गेली?"

वायरमन बिचारा खरं बोलला. "वर गेली, ताई. वारा नव्हता ना, मग पंखा विजेवर फिरवला."

*

त्यानंतर पंखा उभाच. अगदीच फिरत नाही असं नाही. पावसाळ्यात बरा फिरतो, फुर्र फुर्र करतो. बाकी दिवस मारुतीसारखा उभा. रिपोर्टमधल्या विजेच्या निम्मीही येईना, असं साहेब लोक बोलायचे.

मग चौकशीला नवे साहेब आले. कुलथेसाहेब तोवर दुसऱ्या कंपनीत मोठ्या जागेवर गेले होते. एवढी चांगली साईट शोधली म्हणून! नवे साहेब तरुण, गंभीर. त्यांनी पंखा आतून पाहिला, बाहेरून पाहिला, दुर्बिणीतून पाहिला. मला विचारलं, "बाबा, वारा कमी झालाय का हो?"

"तेवढाच हाय साहेब."

"मग गडबड कुठे आहे?"

मी पुन्हा इमानदारीने सांगितलं. "तेलाची गडबड हाय साहेब."

त्यांचे डोळे चमकले. "तेल! गिअरबॉक्सचं!" झटकन लिहून घेतलं. महिन्याभरात मोठी क्रेन आली, पंख्याच्या पोटातलं सगळं तेल काढून नवं परदेशी तेल भरलं. पंखा आधी जसा उभा होता, तसाच उभा राहिला, फक्त आता महाग तेलात.

हे सगळं शेठना सांगणार कोण? नव्या साहेबांनी माझ्या चौकीबाहेर उभं राहून फोन लावला. स्पीकर चालू.

"सर, एक वाईट बातमी आहे. तो आपला पंखा अपेक्षेएवढं उत्पादन देत नाहीये."

पलीकडे शेठ कुणाला तरी चहा सांगत होते. मग शेठ म्हणाले, "कोणता पंखा?"

*

रस्ता झाल्यावरच्या पहिल्याच मोठ्या पावसात पारूचा श्वास अडकला. मी सवयीने घोंगडी झटकली, सोमाला हाक मारली. सोमा म्हणाला, "बाबा, घोंगडी कशाला? जीप बोलावली ना."

जीप दारात आली. पारू पुढच्या सीटवर बसली, सरळ, काचेतून बघत. सुरगाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी वाफ दिली, सुई दिली, आणि म्हणाले, "वेळेत आणलंत."

हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदाच कोणी बोललं होतं.

परतताना पाऊस थांबला होता, वाराही पडला होता. वळणावर पंखा दिसला, स्तब्ध. पारूने ड्रायव्हरला विचारलं, "ह्यो दिवसभर काय करतो रं?"

"काय नाय आजी. उभा राहतो."

"माझ्यासारखाच म्हन की," पारू म्हणाली. "ऱ्हाऊ दे. कुनाला काय तरास देतो बापडा!"

*

या पावसाळ्यानंतरची गोष्ट. दुपारी दारात जीप थांबली आणि लहानू व्याही उतरले. काखेत कोंबडा. चांगला तांबडा, तुरेवाला. मी घाबरलोच. इतक्या वर्षांत व्याह्यांनी आमच्याकडून नेलं होतं, आणलं कधी काही नव्हतं.

"या, बसा."

बसले. टोमणा नाही, काही नाही. पारूने चहा ठेवला. पावसाबद्दल बोलले, नागलीबद्दल बोलले, शेळ्यांबद्दल बोलले. झोळ्या शाळेत जातो म्हणाले. मग म्हणाले, "आमच्या म्हातारीला न्हेली होती परवा. झोळीतनं. ओढ्याला पानी होतं, पल्याड उभं ऱ्हावं लागलं लय वेळ."

"बरी हाय ना?"

"आली परत. सखू होती संगं, तिनं डोकं धरून ठेवलं. पर पुढल्या टायमाला काय सांगावं?"

पारूने त्यांच्या बशीत अजून चहा ओतला.

"आमच्या डोंगरावर मनोरा उभा केला, म्हाईत हाय ना?" लहानू म्हणाले.

माहीत होतंच. माझ्या चौकीतून समोर दिसतो. लाल-पांढरा, जाळीचा, तीन ठिकाणी वाट्या.

"साहेब तुमचाच हाय. कुलथे. आता लय मोठा साहेब झालाय, संगं दोन साहेब फिरतात. आमी पहिल्या दिवसापास्नं सांगितलं, वारा लय हाय म्हणून. नाय म्हटलंच नाय! पर तो म्हनतो, मोजल्याबिगर काय खरं नाय. मी राखणदार हाय तिथं."

"तुमी?" मी विचारलं. "मंग कुंपण नीट सांभाळा, व्याही."

लहानू खाली मान घालून हसले. मग कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवत, इकडे तिकडे कोणी नाही ना बघत, पुढे सरकले.

"व्याही, एक इचारतो. ते तेल कोनतं व्हतं? खोबऱ्याचं का खुरसणीचं?"

मी समोरच्या डोंगराकडे पाहिलं. उन्हात वाट्या चमकत होत्या, नव्या कोऱ्या, तिन्ही जोड्या सारख्याच फिरत होत्या. त्यांच्या खाली कुठेतरी माझ्या लेकीचं घर. मी सावकाश उठलो, कोंबडा व्याह्यांच्या काखेतून घेतला आणि डालग्याखाली झाकला.

"खुरसणीचं," मी म्हणालो. "पण फकस्त खालच्या वाट्यांना."